घर म्हणजे कुठलं?

प्रिय आई,

परवा फोनवर तू एका दमात सांगून टाकलंस, की पडून पाय मोडल्यापासून एकटीनं राहणं जमत नाही, महिनाअखेरीस वाईचं घर बंद करून मी दिल्लीला येते. मी नुसतं 'बरं' म्हटलं. ते 'बरं' किती कोरडं होतं हे तुझ्या कानांनी टिपलंच असणार. कारण सांगते, पण आधी ऑफिसातली गंमत ऐक.

आमच्या विद्यापीठात प्रवेश विभागाला आता घरून काम करता येणार आहे. महिन्यातला एक आठवडा ऑफिसात, बाकी घरून. प्रवेशाच्या गर्दीत मात्र सगळे हजर. विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रं तपासायची, त्यांच्या मेलना उत्तरं द्यायची, याला लॅपटॉप आणि नेट पुरतं. आमच्या उपकुलसचिवांनी, बत्रासाहेबांनी, मीटिंगमध्ये एकेकाला विचारलं, घरी नेट नीट चालतं का. मी म्हटलं, "सर, घर पे नेट तो बढ़िया है, बस बारिश में लाइट जाती है." ते चक्रावले. "मुनिरका में?" मी म्हटलं, "मुनिरका नहीं सर, घर. वाई." सगळे पोट धरून हसले. मी मुद्दाम नव्हते गं म्हणाले, तोंडून निघून गेलं. इतकी वर्षं झाली तरी आम्ही इथल्या, मुनिरकातल्या जागेला 'फ्लॅट' म्हणतो, आणि घरी जायचं म्हणजे तिकडेच.

मग मात्र मी माघार घेतली नाही. दुसऱ्या दिवशी बत्रासाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, नियमात 'घर' लिहिलंय, 'दिल्ली' नाही. मुख्यालय सोडायला परवानगी लागते, म्हणाले. म्हटलं, तीच मागायला आलेय. तुझे जावई तर तेव्हापासून वरणभात शिकतायत. काल कुकरमध्ये पाणी घालायला विसरले, पण हिंमत सोडलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात तू इथे होतीस. धुरामुळे खिडक्या बंद. वेळ जावा म्हणून तू आमचे चांगले पडदे उसवून पुन्हा शिवलेस. मला ते बघवत नव्हतं. वाईत ओसरीवर मुलींना ब्लाऊज बेतायला शिकवताना तू जी ओरडतेस, तो आवाज मी इथे एकदाही ऐकला नाही. तो आवाज मला हवाय, आई.

आज परवानगी हातात पडली. फोन केला असता तर तू 'माझ्यासाठी कशाला' म्हणत मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून हे पत्र. घर बंद करू नकोस, मशीन कुणाला देऊन टाकू नकोस. खिडकीजवळच्या टेबलावरचे कापडांचे ढीग मात्र कुणाकडून तरी उचलून घे, ते टेबल मला लागेल. आजवर मी रजा टाकून यायचे आणि पोचल्या दिवसापासून परतीचं तिकीट बघायचे. या वेळी रजा नाही. या वेळी मी कामावर येतेय, घरी.

तुझीच, बॅग भरायला घेतलेली,
पद्मजा