पान ३१२ वरच्या चार बाटल्या

मंगळवार, ८ नोव्हेंबर १९९४. डोंबिवली.

आधी वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. मत नंतर.

एक. वाहिनीची टेलिटेक्स्ट सेवा (टीव्हीच्या पडद्यावर रिमोटने उघडून वाचायची मजकुराची पाने) ऐंशीच्या दशकात सुरू झाली तेव्हापासून तिच्या माहितीपानांची संपादक मी होते. दोन. पान ३१२, 'रक्तपेढ्यांतील आजचा साठा', ही कल्पना माझी. रोज सकाळी ठाणे, कल्याण व मुंबईच्या पेढ्यांना मी स्वतः दूरध्वनी करत असे. आकडे माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय पानावर चढत नसत. तीन. गेल्या मे महिन्यात माझे पद 'अनावश्यक' ठरले. बदलीवर बसून राहणे मला मान्य नव्हते, राजीनामा दिला. पाने अभियांत्रिकी विभागातील श्री. प्रधान यांच्या ताब्यात गेली. चार. आज सायंकाळी फराळाचे ताट परत करण्यासाठी खाली म्हात्र्यांकडे गेले. आमची इमारत उभी आहे ती जमीन मूळची त्यांची, भाताची; तळमजला त्यांनी स्वतःकडे ठेवला आहे. टेलिटेक्स्ट असलेला मोठा रंगीत संच त्यांनी माझ्याच सल्ल्याने घेतला. माझ्या सन्मानार्थ त्यांनी रिमोटवर तीन-एक-दोन दाबले. पाच. ठाणे, ओ निगेटिव्ह: ४. कल्याण: २. माझ्या अखेरच्या सकाळी मी चढवलेले आकडे हेच होते. इतर गटांचेही हेच. एकही बदललेला नाही.

सहा. म्हात्र्यांची मुलगी सुगंधा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. दिवस याच महिन्यात भरतात. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह.

आकडे तेच असणे हा योगायोग असू शकतो. योगायोगावर माझा विश्वास नाही.

बुधवार, ९ नोव्हेंबर

स्टेशनजवळच्या बूथवरून ठाण्याच्या पेढीला फोन. पलीकडे तीच जुनी बाई. "अय्या, तुम्ही त्याच ना, रोज सकाळी फोन करायच्या? बंदच झालात की हो! आम्हाला वाटलं लग्नबिग्न झालं." मी बावन्न वर्षांची आहे. विनोदाचा दर्जा कळावा म्हणून ही नोंद.

माझ्यानंतर त्यांना वाहिनीकडून कोणीही फोन केलेला नाही. ओ निगेटिव्ह आज एकही बाटली नाही.

नंतर प्रधानांना. "मॅडम, मशीन फिरवतंय ती पानं, फिरू दे ना. बघतं कोण?"

मी म्हटले, काढून टाका. "तसं कसं काढणार? वरून लेखी ऑर्डर लागते. तिमाही रिपोर्टमध्ये चालू पानांचा आकडा द्यावा लागतो."

चालू! ज्याला अर्ध्या वर्षात कोणी हात लावलेला नाही ते पान चालू. इंजिनिअर म्हणून हा मनुष्य कसा उत्तीर्ण झाला असेल, याचे मला पहिल्या भेटीपासून कुतूहल आहे.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

म्हात्र्यांना सांगितले. शांतपणे, मुद्देसूद. त्यांनी ऐकून घेतले, पान उघडले आणि बोट पडद्याच्या माथ्यावर ठेवले.

"हे काय लिवलंय? ११ नोव्हेंबर. आजचीच तारीख ना? घड्याल पण चालतंय बघ, सेकंद पलतायत. मेलेला मानूस कधी घड्याल बघतो का, बाय?"

घड्याळ का चालते ते मला माहीत आहे. आज लिहून ठेवते.

माथ्यावरची तारीख आणि वेळ यंत्र स्वतः उमटवते. प्रत्येक पानावर, मग खालचा मजकूर आजचा असो की मे महिन्याचा. ही व्यवस्था माझ्या आग्रहाने झाली. सुरुवातीला टंकलेखक तारीख हाताने घालत, विसरत, सोमवारी शनिवारची तारीख जाई. मला ते सहन होत नसे. बैठकीत मी म्हटले होते की, तारखेच्या बाबतीत माणसावर विसंबणे हा शुद्ध आळस आहे. टाळ्या पडल्या होत्या.

नियम योग्य होता. खालचा मजकूर रोज बदलायला कोणीतरी बसलेले असेल हे त्याचे गृहीतक होते. माझ्या जागी कोणालाही न बसवणे हा निर्णय माझा नव्हे.

निघताना म्हात्रे हसत म्हणाले, "खरा सांगू? तू गेलीस तरी पान चालतंय, ह्याचाच तुला राग आलाय."

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अवो, काय बोलताय!" पण हसल्या त्याही.

शनिवार, १२ नोव्हेंबर

राग आहे का? आहे. त्याचा ठाण्याच्या चार बाटल्यांशी संबंध नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला त्या वेगळ्या ठेवता येतात.

रविवार, १३ नोव्हेंबर

सुगंधा जिना चढून आली. नको म्हटले होते. दहावीला तिचे इंग्रजी मी घेतले. अजूनही दारात उभी राहून आधी वही लपवल्यासारखा पदर सावरते.

"मावशी, बाबा म्हणतात तुम्ही माझ्या रक्तालाही नापास केलंत."

रक्ताला नाही, पानाला, असे सांगितले. मग ती बसली. कोपर स्टेशनजवळच्या रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंनी अंगात रक्त कमी असल्याचे सांगितले आहे. दोन बाटल्या आधीच ठरवून ठेवा म्हणाल्या. बाबांनी त्यांना छातीठोकपणे सांगितले, ठाण्याला चार आहेत, आमची बाय टीव्हीत कामाला होती.

नवऱ्याचा गट पॉझिटिव्ह. म्हात्र्यांच्या घरात दुसरे कोणी निगेटिव्ह नाही. माझा बी पॉझिटिव्ह, निरुपयोगी.

"मावशी, खरंच नाहीये का कुठे?"

शोधते म्हणाले. "नक्की" हा शब्द मी वापरला नाही. तिच्या लक्षात आले असावे. ती माझी विद्यार्थिनी आहे.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

मुंबईला, कार्यालयात. माझी खुर्ची आहे, तिच्यावर जुन्या केबलची भेंडोळी. कोपऱ्यात यंत्र सुरू. शंभराहून अधिक पाने: विमानांच्या वेळा, सोन्याचा भाव, हवामान. चित्राच्या वरच्या, न दिसणाऱ्या ओळींतून ती अहोरात्र घरोघर जात आहेत. हवामानाच्या पानावर कडक ऊन. बहुधा तेही मे महिन्यातलेच. हवामान चुकल्याने कोणी मरत नाही, म्हणून कोणाला कळलेही नाही.

प्रधानांनी चहा मागवला. मी घेतला नाही. "मॅडम, उगाच टेन्शन घेताय. केबल आल्यापासून टेलिटेक्स्टचं बटण कोण दाबतं? सेवा ठेवायची की नाही, फाइल वर गेलीय. तोपर्यंत मी एक पान जरी काढलं ना, तर म्हणतील प्रधानने बंद पाडली."

"मग आकडे तरी बदला. शून्य करा."

"कोणी दिले आकडे? सोर्स काय? तुम्हीच शिकवलंत, सोर्सशिवाय काही चढवायचं नाही."

माझेच वाक्य, माझ्याच तोंडावर. तो उपहास करत नव्हता, हे अधिक वाईट. घाबरलेला मनुष्य आहे.

तेथेच बसून पान काढण्यासाठी केंद्र संचालकांना अर्ज लिहिला. आवक विभागात दिला. पोच घेतली.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

सकाळपासून फोन. जुने सहकारी, दोन महाविद्यालये, कल्याणची पेढी (एकही नाही). विठ्ठलवाडीत एक रक्तदाता सापडला: श्री. लालवाणी, तयार कपड्यांचे दुकान, ओ निगेटिव्ह, भला गृहस्थ. "बहेनजी, आधी रात को भी बुलाओ, आऊंगा." भेटले, कार्ड पाहिले, गट पडताळला. त्यांना वाईट वाटले नाही. उद्याच ठाण्याला जाऊन देतो म्हणाले.

म्हणजे एक. डॉक्टरीणबाई दोन म्हणतात.

अर्जाला उत्तर नाही.

शनिवार, १९ नोव्हेंबर

दुपारी म्हात्रे माझ्या दारात. माझे न ऐकता, मला न सांगता, काल डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ठाण्याला गेले होते. खिडकीवर सांगितले, पान ३१२, चार बाटल्या, त्यातल्या दोन द्या. तिथल्या बाईंनी विचारले, "कसलं पान?"

लालवाणींची बाटली तेवढी तपासणी होऊन सुगंधाच्या नावाने ठेवली आहे, हे त्यांना तेथे कळले. कोणी दिली आणि देणाऱ्याला कोणी शोधले, हेही कळले.

आत या म्हटले तरी आले नाहीत. चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभे.

"बाय, मी तुला नाय नाय ते बोललो."

मी म्हटले, ते सोडा, दुसऱ्या बाटलीचे बघू. यापेक्षा बरे काही सुचायला हवे होते.

मग त्यांनी सांगितले. त्यांच्या पुढे रांगेत कळव्याचा एक जण होता. बायको रुग्णालयात. त्यानेही तेच सांगितले. टीव्हीच्या दुकानात, काचेतल्या संचावर त्याने पान पाहिले होते. तारीख पाहिली, वेळ पाहिली, आणि इतर कोठेही न विचारता थेट ठाण्याला आला.

"मग?"

"मग काय? धावत गेला खाली. रिक्षा मिलाली का नाय, देव जाने."

नाव विचारले नाही म्हणाले. मीही कोणाला विचारणार?

रविवार, २० नोव्हेंबर

काल लिहिले ते पुन्हा वाचले. 'बघतं कोण?' या प्रधानांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे. आम्ही सेवा सुरू केली तेव्हा मी स्वतः हाच प्रश्न रोज स्वतःला विचारत असे. संच महाग, टेलिटेक्स्ट उलगडणारा डीकोडर त्याहून दुर्मिळ. कोणाचे पत्र आले की सगळा विभाग वाचायचा. कोणीतरी पाहील अशा हिशेबाने प्रत्येक ओळ तपासायची, हे मी ठरवले. लोकांनी पानावर विश्वास ठेवावा म्हणून नऊ वर्षे राबले. ठेवला.

म्हात्रेकाकूंनी टीव्हीवर चादर टाकली आहे.

सोमवार, २१ नोव्हेंबर

सुगंधाला कोपरला दाखल केले. कळा नाहीत, पण रक्तदाब चढला आहे. डॉक्टरीणबाई: "उद्या सिझेरियन करावं लागेल. दुसरी बाटली?" त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले. म्हात्र्यांकडे नाही.

लालवाणींचा एक चुलतभाऊ, उल्हासनगरचा, गावाहून आज निघतो आहे. गट 'बहुधा तोच'. बहुधा!

कार्यालयात फोन. प्रधान रजेवर. दुसऱ्या कोणीतरी उचलला. "३१२ ना? हां, चालू आहे मॅडम. काही प्रॉब्लेम नाही."

मंगळवार, २२ नोव्हेंबर. कोपर, रुग्णालयातील बाक.

सुगंधाला आत नेले. जाताना म्हणाली, "मावशी, पेपर सोपा असू दे." तिचे हात गार होते.

लालवाणींची बाटली आली आहे. चुलतभाऊ कल्याणला उतरल्याचा निरोप आला. गट तपासून मगच. म्हात्रे त्याला आणायला गेले आहेत. काकू भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या आहेत. दार बंद.

हात रिकामे ठेवणे मला जमत नाही. दुसऱ्या अर्जाचा मसुदा, येथेच:

"केंद्र संचालक यांस. दि. १५ च्या अर्जाची पोच माझ्याजवळ आहे; उत्तर नाही. आपल्या वाहिनीचे पान ३१२ आजच्या तारखेने आणि आत्ताच्या वेळेने असे सांगत आहे की, ठाण्याच्या पेढीत ओ निगेटिव्ह गटाच्या चार बाटल्या आहेत. पान काढण्यास लेखी आदेश लागतो असे मला सांगण्यात आले. ते ठेवण्यास कोणाचा आदेश आहे, हे कळावे. सबबी नकोत, फाइलचा क्रमांक नको, दूरध्वनी नको. त्या चार बाटल्या या क्षणी कोठे आहेत, एवढेच मला लेखी कळवावे."