अदुलिसला आता गलबतं येत नाहीत

अक्सुम, मस्करम महिन्याची बारा तारीख

ती. अम्देदादास,
धाकट्या सब्लाचा सा. न. तिर्हासवहिनीलाही नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहोत.

कामाचं आधी लिहिते. दरबार दक्षिणेला गेला तो काही परत येत नाही. राजवाड्याच्या जोत्यावर आता शेजाऱ्यांच्या शेळ्या बांधलेल्या असतात. माझे हे, किफ्ले, म्हणतात की खांब उभारून घेणाराच उरला नाही, तर पाथरवटाने काय डोंगराला टाके घालत बसायचं? टेकड्यांवरची झाडं आपल्याच भट्ट्यांनी खाल्ली. पाऊस आला की माती ओढ्याला जाते आणि तेफाचं पीक गुडघाभरही वाढत नाही. ह्यांच्या मामेभावाने दक्षिणेला, लास्ताच्या रानात जमीन फोडली आहे. तो बोलावतोय.

पण आई हलायला तयार नाही. म्हणते, अम्देने लिहिलंय ना, पुढच्या वाऱ्याला गलबतं येतील, मग अक्सुम पुन्हा भरेल. दादा, तुला खरंच तसं वाटतं का? नसेल तर तिला स्पष्ट लिही. माझं ती ऐकत नाही. तिच्या लेखी मी अजून पाळण्यातच आहे.

तुझी माया अशीच राहू दे.
सब्ला

अदुलिस, हिदार महिन्याची तीन तारीख

चि. सब्लास,
अ. उ. आ. किफ्लेंना नमस्कार सांग आणि डोंगराला टाके घालायचेच असतील तर इकडचा घाट तेवढा सपाट करा म्हणावं.

बंदर म्हटलं की भरती-ओहोटी आलीच. गेल्या वाऱ्याला एक गलबत आलं होतं. हस्तिदंत नव्हता म्हणून रिकामंच गेलं, पण आलं होतं! मी सध्या कोळ्यांबरोबर जाळी ओढतो, तेवढाच व्यायाम. आनंदाची बातमी म्हणजे तुझ्या वहिनीला दिवस गेले आहेत. ह्या वयात आईला खेचरावर बसवून कुठे नेतेस? थोडी कळ काढ.

तुझाच,
अम्दे

अक्सुम, तिर महिन्याची वीस तारीख

ती. दादास सा. न.
मीठवाले आले. म्हणाले, समुद्रावरून लुटारू उतरले, अदुलिस जळालं, देवळाचं छतसुद्धा राहिलं नाही. तुमचं विचारलं तर ते खाली बघू लागले. आई रडली नाही. रोज सकाळी मागची खोली झाडते, अंथरूण घालते आणि दारात बसते. मी बोलले तर खेकसते. हे घाटाच्या वाटेवर चौकशीला गेलेत. दादा, काही नको लिहूस, नुसतं नाव लिहून पाठव.

सब्ला

घाटमाथा, येकातित महिन्याची सात तारीख

ती. आईस,
अम्देचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही दोघं जिवंत आहोत, आई. तिर्हासचं पोटही सुखरूप आहे. धूर दिसला तेव्हा आम्ही जाळी तिथेच टाकून डोंगर धरला. इथल्या मठात आसरा मिळालाय. किफ्लेंची गाठ पडली. मला बघून मिठी मारायची सोडून त्यांनी आधी शिव्याच घातल्या.

घर गेलं, धक्का गेला. खरं सांगायचं तर आग लागायच्या कितीतरी आधी बंदर मेलं होतं. व्यापार दुसऱ्या समुद्राने जातो आता. तू गलबतांची वाट बघू नकोस. सब्लाबरोबर दक्षिणेला जा. तिर्हासला आता चालवत नाही, आम्ही मागून येऊ.

तुझा आशीर्वाद पुरे आहे.
अम्दे

अक्सुम, येकातित महिन्याची पंधरा तारीख

चि. अम्देस,
आईचे आशीर्वाद. सब्ला लिहिते आहे, मी सांगते आहे.

गलबतांची वाट कोण बघत होतं रे? पूर्वी तुझ्या पत्राबरोबर मिऱ्यांची पुरचुंडी यायची. ती बंद झाली तेव्हाच मी ओळखलं, गलबतं संपली. तू हट्टी, पार बुडाल्याशिवाय यायचा नाहीस. बुडालास की हेच दार शोधत येशील, आणि दार बंद दिसलं तर कुठे जाशील? म्हणून बसले होते. हिला खरं सांगितलं असतं तर ही तुझ्या नावाने रडत बसली असती.

आता तू सापडलास. ह्या घराचं काम झालं. तिर्हासला एक पाऊल टाकू देऊ नकोस. मी तिकडे येते, बाळंतपण उरकते, मग सगळे मिळून दक्षिणेला जाऊ. ह्या भिंतींचं मला काही वाटत नाही, माझ्या आजेसासूबाईंनीही असंच कुठलंतरी गाव सोडलं होतं.

आई

दादा, हे माझं. आईने हे सगळं उभ्यानेच सांगितलं, बसायला तयार नव्हती. किती महिन्यांनी काल रात्री मी गाढ झोपले. लोभ आता पत्रात काय मागू, समोर आल्यावर मागेन. हे परत आल्यापासून तिने त्यांना टेकू दिलेलं नाही. आत्ता अंगणात उभी राहून त्यांच्यावर ओरडते आहे की खेचरावरचं ओझं वाकडं बांधलंय, सोडा आणि पुन्हा बांधा.

सब्ला