दीडचा रॉकर

वारजे,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. बाबुरावकाकांस अपेक्षाचा सा. न. वि. वि.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद. बाबा गेल्यावर तुम्ही घातलेली अट मान्य आहे. तेवीस तारखेच्या शर्यतीत माझी मोटरसायकल शेवटपर्यंत धावली तर बाबांचं गॅरेज माझं, नाहीतर किल्ली तुमची. बाबांचं माझ्यापाशी उरलंय ते एवढंच, काका.

एक विचारायचंय. १.३चा रॉकर काढून दीडचा बसवला तर व्हॉल्व्ह किती उघडेल? उघडा राहण्याची वेळ बदलेल का? कॅमचं तुमच्याइतकं कोणाला कळतं?

राग सोडा आता. काकूंना नमस्कार.

तुमचीच,
अपेक्षा

शनिवार पेठ,
१५ नोव्हेंबर

चि. अपेक्षास अ. उ. आ.

अक्षर बापासारखंच गचाळ. इंजिनिअरची पदवी भिंतीवर टांगून हे विचारावं लागतं, वाचून धन्य झालो.

उघडण्या-मिटण्याची वेळ कॅम ठरवतो, रॉकर नाही. ती जवळपास तशीच राहते. रॉकर फक्त कॅमची उचल तितक्या पटीने वाढवून व्हॉल्व्ह दाबतो. कॅम सहा मिलिमीटर उचलत असेल तर १.३ने व्हॉल्व्ह ७.८ उघडतो, दीडने नऊ. मोठा उघडलेला तो जास्त वेळ राहतो, इंजिनाला हवा भरपूर मिळते. गाडी पळेल. विचारलंस तेवढं सांगितलं.

कळावे,
बाबुराव

शनिवार पेठ,
१७ नोव्हेंबर

ती. स्व. वेणूताईस बाबुरावचा सा. न. वि. वि.

तू सुचवलंस तसंच केलं. भांडलो नाही, तुझ्या भाचीला खरं तेच लिहिलं. एवढंच लिहिलं नाही, की नऊ उघडल्यावर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये जेमतेम केसाएवढी जागा उरते. गल्लीत काही होणार नाही. शर्यतीत गाडी पूर्ण पिळली की स्प्रिंग मागे पडेल, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळेल आणि चाक जागीच जाम! पडेल, हाडं मोडतील, हौस फिटेल.

पिस्टनवर कणकेचा गोळा ठेवून इंजिन हाताने फिरवायचं आणि दबलेली कणीक मोजायची, ही तिच्या बापाची, आपल्या आनंदची पद्धत. पोरीने तेवढं केलं तर सुटेल. करणार नाही. माझ्यावर फार विश्वास आहे बिचारीचा.

अभिनवच्या शर्यती मी बंद केल्या ते बरं झालं. पोरगा एकुलता एक आहे. तो मित्रांबरोबर महाबळेश्वरला जातोय.

तुझा,
बाबू

वारजे,
२१ नोव्हेंबर

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडूच आलं. बाबांनंतर इतकं समजावून कोणी सांगितलं नव्हतं. दीडचे रॉकर बसवले, वारज्यात फिरवून आणली, काय सुरेख चालते हो! बाबांसारखी कणीकही मळली होती. मग म्हटलं, काकांनी लिहिल्यावर तपासायचं काय? तिच्या पोळ्या लाटल्या.

आता रागावू नका हं. महाबळेश्वर थाप आहे. अभिनव माझ्याकडे आहे, रविवारी तोही उतरतोय. त्याला शर्यत जिंकून तुम्हाला चकित करायचंय. मला काय, नुसतं शेवटपर्यंत पोचायचंय, तेवढ्याला जुने रॉकर पुरतील. गाड्या आमच्या एकसारख्याच. म्हणून आज दीडचे काढून त्याच्या गाडीत बसवले. तुमचं पत्र वाचून स्वारी हवेत आहे. पहिल्या फेरीपासून पूर्ण पिळणार म्हणतो.

शर्यतीआधी तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातलीय त्याने, फोनही बंद ठेवलाय. म्हणून हे पत्र साध्या टपालाने टाकतेय. सोमवारी मिळेल.

आशीर्वाद दोघांनाही द्या, त्याला थोडा जास्त.

तुमची लाडकी,
अपेक्षा