युसुफ, इद्रिस आणि सोन्याचा खड्डा

५ फेब्रु., तिसगाव

आफ्रिकेतून यांचा फोन. आवाज एकदम खूश. बोअरच्या कंपनीतली नोकरी सोडली. आता इद्रिसबरोबर सोन्याचा खड्डा खणतायत. इद्रिस तिथलाच, यांच्या मशीनवर हेल्पर होता.

"लई सोनं हाय गं. अख्खा मुलूख कुदळी घेऊन वाळवंटात आलाय."

मी म्हटलं, इथं बोअर मारून पानी लागत नव्हतं, तिथं सोनं लागलं व्हय?

"लागलं की. मसुराच्या डाळीएवढं."

अम्मी म्हणाल्या, माझ्या युसुफला म्हणावं डाळ खायला घरी ये.

१९ फेब्रु.

खड्ड्याच्या तोंडाशी दोघांचा फोटो. इद्रिस ताडासारखा उंच, हे त्याच्या काखेत मावतायत. यांनी त्याला मराठी शिकवलंय. फोनवर मला म्हणाला, "वहिनी, जेवलीस का?" लहान दिरासारखा वाटला. हे किती वाळलेत पण. विचारलं तर "उन्हामुळं तसं दिसतंय."

८ मार्च

टीव्हीवर तिथलं बंड. सैन्यातलीच माणसं फुटली म्हणे. फोन लागत नाही. बाजाराचा दिवस, शिलाईची गर्दी. एका ब्लाऊजची बाही उलटी लावली, पुन्हा उसवली.

११ मार्च

लागला फोन, जेमतेम बोलणं. बंडखोरांनी सगळे खड्डे ताब्यात घेतले, सोनंही. बाकीच्यांना हाकललं, इद्रिसलाही. यांना तेवढं ठेवून घेतलंय, मशीन चालवता येतं म्हणून. त्यांच्या तळावर पाण्यासाठी बोअर मारायचा.

"जेवायला देतात. काळजी करू नको."

हे असं म्हणाले की मला...

१६ मार्च

पुन्हा फोन नाही. अम्मींनी कालपासून घास घेतला नाही. शेवटी थाप मारली, फोन आला होता, तुमच्या हातच्या शेंगोळ्यांची आठवण काढत होते.

अम्मी माझ्याकडं बघत राहिल्या. "त्याला शेंगोळे आवडत न्हाईत. खोटं तरी नीट बोलत जा." पण मग ताट ओढून जेवल्या. मीही जेवले.

२४ मार्च

हे सुटले. सुटले!

बंडखोरांच्या तळावर सरकारी विमानातून बॉम्ब पडले, पळापळ झाली. इद्रिस आधीच सुटला होता, त्याला परत यायचं काय कारण? पण मावसभावाची पिकअप घेऊन यांच्यासाठी आला. निघताना त्याच्या मांडीत गोळी घुसली. आता दोघं बंदरावरच्या दवाखान्यात. "मला खरचटलं बी न्हाई," म्हणताना यांना रडू फुटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा ऐकलं.

२७ मार्च

आपल्या लोकांना आणायला जहाज लागलंय, उद्या सुटणार. यांचं नाव आहे त्यात. इद्रिसला जबर ताप. मावसभाऊ माघारी गेला. इद्रिसची बायको गावाहून निघालीय, पण रस्ते बंद. दुसरं कोणी नाही त्याच्याजवळ.

"काय करू, तू सांग."

अम्मींनी फोन हिसकून घेतला. "ये बाबा. आधी ये." नुसत्या रडत होत्या. मी फोन परत घेतला. मलाही तेच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "त्याची बायको पोचेपर्यंत थांबा."

हे म्हणाले, "मला वाटलंच तू असं म्हनशील."

अम्मी माझ्याशी बोलत नाहीत.

२९ मार्च

जहाज गेलं. पलीकडच्या बंदरावर उतरलेली माणसं टीव्हीवर दाखवली. माहीत असून प्रत्येक तोंड बघितलं.

३० मार्च

काल संध्याकाळपासून फोन बंद येतोय. दुसऱ्या जहाजाचं कोणी काही सांगत नाही.

दुपारी अम्मी माझ्या शिलाई मशीनजवळ येऊन बसल्या. हुकं लावायला घेतली. हुक टाचता टाचता विचारलं, "पोचली का त्याची बायको?"

"कळलं न्हाई."

"नाव काय तिचं?"

मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नाही.

"विचारून घे. दुवा मागायची तर नाव पाहिजे."