दुसऱ्याची पात

२ जुलै

भातलावणीत ठकुबाईच्या वाटणीची ओळ, तिची पात, ओढून ओढून कंबर मोडली! स्वतःची पात आहेच, वर तिची निम्मी. उरलेली निम्मी आत्याबाईंकडे. सासू म्हणून कधी सवलत मागितली नाही त्या बाईनं, हे मात्र खरं.

ठकुबाई नवऱ्याला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात आहे. सावडीतली, म्हणजे पाळीपाळीनं एकमेकींच्या खाचरात राबणाऱ्यांतली, जी कुठं अडकली तिची पात तशीच ठेवायची, शेजारच्या दोघींनी वाटून लावायची आणि म्हणायचं, ठकुबाईच लावतेय. म्हणजे तिच्या खाचरात लावणी निघाली की आम्ही सगळ्या तिच्याकडं जाणार. दुसरी कुणी त्या पातीवर उभी राहिली तर सावडीतली जागा तिची, आणि ठकुबाई बाहेर.

आज खालच्या वाडीतली नवी सून शेफाली म्हणाली, "मी धरू का ही पात? मोकळीच हाय की."

आत्याबाई वर न बघताच म्हणाल्या, "मोकळी न्हाई. ठकू हाय तितं."

शेफाली हसली. मलाही हसू आलं. तिथं कुणीच नव्हतं, नुसतं पाणी आणि पाण्यात ढग. पण खरं सांगू? थोड्या वेळानं मलाच वाटायला लागलं की ठकुबाई शेजारी वाकलीये आणि तिच्या बांगड्या वाजतायत. लावणीत असंच होतं. आपण मागं मागं सरकतो, समोर हिरवं होत जातं, आणि डोकं कुठल्या कुठं निघून जातं.

माझं डोकं निळ्या फरशीवर जातं. रोज तिथंच!

४ जुलै

सम्राटची निवड झाली! झाली, झाली, झाली!

(तोंडानं अहो, वहीत सम्राट. वही माझी आहे.)

फॉर्म मी भरला. भोरला नेऊन फोटो मी काढून आणला. पासपोर्टसाठी मी मागं लागले. बारा वर्षं हा माणूस पानशेतच्या पाण्याकाठी पुणेवाल्यांच्या बंगल्यांना फरशी लावतोय. इटालियन म्हणे, काचेसारखी! आणि आमच्या घरात सारवलेली जमीन. मला भोरला दोन खोल्या हव्यात. स्वयंपाकघरात निळी फरशी, खिडकीतून नीरा दिसेल, लेक अश्विनी चालत शाळेत जाईल. एवढंच. राजवाडा मागितलाय का मी?

त्या देशाचं नाव इथं लिहीत नाही. टीव्हीवाले दिवसभर घेतातच. त्यांचं लष्कर शेजाऱ्यांच्या जमिनीवर बसलंय, कित्येक वर्षं झाली. त्या जमिनीवरची माणसं नाक्यावर पहाटे रांगा लावायची, पास दाखवायची आणि पलीकडे बिल्डिंगांवर कामाला जायची. मग त्यांच्यातले काही जण घुसले आणि घरात झोपलेली माणसं मारली, बायामुलंसुद्धा. मग लष्करानं बॉम्ब टाकले. किती मेले त्याचा आकडा ऐकवत नाही, त्यातही पोरंबाळं. पास बंद झाले, बिल्डिंगा अर्धवट राहिल्या. आता तिथं फरशी कोण लावणार? सम्राट.

त्याला सांगितलं तेव्हा तो थापी धूत होता. "बगू," म्हणाला. बघू काय! बघायचं काय राहिलंय आता?

६ जुलै

पासलीत सगळ्यांना परदेशातलं राजकारण कळायला लागलंय. टपरीवर गेनबांचा कुमार ओरडत होता, "ठेचायलाच पायजे त्यांना! सम्राटदादा, तुमी छाती फुगवून जावा!" हा स्वतः वेल्ह्याला जायचं तरी एसटीत खिडकी धरून ओकतो! गेनबा त्याला म्हणाले, "येवढं हाय तर तूच जा की." कुमार म्हणाला, त्याला दम्याचा त्रास आहे. सगळे हसले.

मग बुद्धभूषण गुरुजी सावकाश म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात बसलेल्याला मदत करायची का, येवढाच प्रश्न आहे." कुमार म्हणाला, "आन त्या झोपेत मारलेल्या पोरींचं काय, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "त्यांचंही आहेच रे. म्हणून तर झोप लागत नाही."

मी साखर घेतली आणि निघाले. मला झोप लागते. छान लागते.

१० जुलै

आषाढी पौर्णिमा. आजपासून तीन महिने वर्षावास. विहारात वंदना झाली, गुरुजींनी ग्रंथाचं पहिलं पान वाचलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, बाहेर पांढरं धुकं. दारातून धुकं आत येत होतं आणि माणूस कुठं संपतो, धुकं कुठं लागतं, कळत नव्हतं. मला वाटलं असंच बसून राहावं.

पण वाचन झाल्यावर चर्चा असते ना! कुणीतरी सम्राटचा विषय काढला. एक म्हणाला, पाप आहे. दुसरा म्हणाला, पोट भरणं पाप कसं? तिसरा म्हणाला, जिथं बॉम्ब पडतात तिथं कशाला मरायला? आवाज चढले.

आणि आत्याबाई उठल्या. सभेत कधी तोंड न उघडणारी बाई!

"नाक्यावर ज्याला आडवलाय त्याची पात हाय ती," म्हणाल्या. "शुभांगी, ठकूच्या पातीवर तू कुनाला उभं ऱ्हाऊ देतीस का? मग त्या मानसाच्या पातीवर माज्या लेकाला का उभा करतीस?"

सगळ्यांसमोर! माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मी पण उठले. म्हटलं, "ठकुबाई आपली आहे. तो कोण लागतो आपला? त्याची पात आम्ही काढून घेतली का? आणि ज्यांनी झोपलेली माणसं मारली, त्यांच्यातलाच असला तो तर?"

"आसला तर आसला," आत्याबाई म्हणाल्या. "आन नसला तर?"

मी आणखी जोरात बोलले. म्हटलं, बारा वर्षं दुसऱ्यांच्या घरात फरशी लावणाऱ्याला स्वतःच्या घरात चिखल तुडवावा लागतो, तेव्हा कुठं असतो हा विहार? गुरुजी म्हणाले, "सम्राट, जायचंय तुला. तू बोल."

सम्राटनं हातातल्या खिरीच्या द्रोणाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "शुभा म्हनती तसं," म्हणाला.

जिंकले मी. खीर गोड लागली नाही.

११ जुलै

आत्याबाई बोलत नाहीत. मीही नाही. आवणाची रोपं मात्र एकाच वाफ्यातून उपटली, पाठीला पाठ लावून.

१५ जुलै

गेला. सकाळची एसटी. पिशवीत थापी, रबरी हातोडा, लेव्हलची बाटली. सगळं तिकडं मिळतं म्हटलं तरी ऐकलं नाही. आत्याबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आत गेल्या.

थांब्यावर तो म्हणाला, "जाऊ ना मग?"

म्हटलं, "आता हे काय विचारणं!"

गाडी आली. पायरीवरून पुन्हा म्हणाला, "जाऊ ना?" मी हसले, हात केला. गाडी दहा हातांवर गेली आणि धुक्यानं गिळली. आवाज येत राहिला, गाडी दिसेना. मी किती वेळ आवाजाला हात करत होते कुणास ठाऊक.

१९ जुलै

आवाज आला! नुसता आवाज. पासलीत रेंज फक्त शाळेच्या पायरीवर. पत्र्याखाली उभी राहिले, वरून पाऊस असा की स्वतःचा श्वास ऐकू येईना. फोन कानात दाबून ऐकलं —

"शुभा, पोचलो. म्या बरा हाय. हितं पाऊस न्हाई, ऊन लई. फोटू काडायला बंदी हाय, व्हिडिओ कॉल बी न्हाई. तू आन अश्वी जपून ऱ्हावा."

पाण्याखालून बोलल्यासारखा. पण तोच! मी तिथंच रडले. पावसात बरं असतं, कुणाला कळत नाही.

घरी येऊन आत्याबाईंना फोन दिला. न बोलताच. त्या आतल्या खोलीत गेल्या, घोंगडीची खोळ डोक्यावरून ओढली आणि कानाला फोन लावून बसल्या. तीनदा ऐकलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "बरा हाय त्यो." नऊ दिवसांनी पहिला शब्द! आणि दोन भाकरी खाल्ल्या. आईच ती.

२५ जुलै

लावणी संपली. दुपारी डोळा लागला. तो माणूस बांधावर बसला होता, नाक्यावर अडवलेला. चेहरा नव्हता त्याला, म्हणजे होता, पण पाण्यातल्यासारखा हलत होता. हातात थापी. म्हटलं, काय बघतोस? तर म्हणाला — मराठीत! — "माझी पात कुठवर आली?"

जाग आली तर अश्विनी विचारत होती, आई, कुणाशी बोलतेस?

फरशीचं सुचतच नाही आताशा. डोळे मिटले की निळ्याऐवजी हा.

३० जुलै

टीव्हीवर दाखवलं. तिकडं एका बिल्डिंगवर रॉकेट पडलं. लष्करानं त्या जमिनीवरचं एक गाव मोडलं म्हणून तिथल्या माणसांनी रॉकेट टाकलं, आता त्याचा बदला लष्कर घेणार. मेलेल्यांत आपल्याकडचे तीन जण. फरशी-गिलाव्याचे. नावं नाहीत.

शाळेच्या पायरीवर सकाळपासून उभी. फोन बंद. बंद. बंद.

मी पाठवलंय त्याला. मी! फोटोसुद्धा मीच काढून आणला. तोच फोटो टीव्हीवर आला तर?

३१ जुलै

अजून बंद. आत्याबाई बेणणीला, तण काढायला गेल्या, गाणं गुणगुणत! वर मला म्हणतात, "त्याला काय झालं न्हाई. जेव." मी ओरडले, तुम्हाला काय कळतं? तुमचा मुलगा आहे तो! त्या ताट पुढं सरकवून गेल्या. दगड आहे ही बाई. आईचं काळीज नाही हिला, नुसता तत्त्वाचा ताठा.

१ ऑगस्ट

"बरा हाय म्या. लाइट न्हवती दोन दिस, फोन मेला हुता. रडू नगंस."

जिवंत आहे. आणखी काही लिहिता येत नाही.

९ ऑगस्ट

पौर्णिमा. विहारात गुरुजींनी त्या तिघांची नावं वाचली, पेपरात आली आता. मग म्हणाले, पलीकडं जे मेले त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्यांच्यासाठी नुसतं उभं राहू. कुमार पण आला होता, मागं उभा. त्या शांततेत मला आमच्या खाचरातली रिकामी पात दिसली, ठकुबाईची. ती आता सगळ्यांत जोरात वाढलीये.

मी उठले. म्हटलं, "मी चुकले. परवा घाबरले म्हणून नाही बोलत. म्हणजे घाबरले तर आहेच. पण तो माणूस माझ्या बांधावर येऊन बसतो. तो कसा आहे, चांगला का वाईट, मला माहीत नाही. त्याची पात मोकळी नाही, एवढं कळतंय. मी सम्राटला परत बोलावते."

आत्याबाईंनी मान वर केली नाही. पण बाहेर पडताना माझं इरलं त्यांनी हातात आणून दिलं.

पायरीवर जाऊन सम्राटला आवाज पाठवला. "या परत. फरशी नको मला. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत." दोन खुणा आल्या. उत्तर नाही.

१० ऑगस्ट

उत्तर नाही. ऐकलंय त्यानं, निळ्या खुणा झाल्यात. मग बोलत का नाही हा माणूस?

१२ ऑगस्ट

लख्ख ऊन. महिन्यात पहिल्यांदा. शाळा सुटलेली, पायरी कोरडी, पानसुद्धा हलत नव्हतं. नवीन काही आलं नाही म्हणून त्याचा पहिलाच आवाज पुन्हा लावला.

पाऊस! पत्र्यावर ताडताड. मी वर पाहिलं. आभाळ निळंशार. फोनकडं पाहिलं. "हितं पाऊस न्हाई," सम्राट सांगत होता, आणि त्याच्यामागं धो धो कोसळत होता. त्याच्याही मागं कुणी वडापचा जीपवाला ओरडत होता, "चला पानशेत, पानशेत! दोन शीट!"

गेलाच नव्हता हा! हसू का मारू त्याला! पळत रानात गेले. फोन आत्याबाईंच्या कानाला लावला.

त्यांनी हातानं बाजूला केला. "ऐकलंय म्या," म्हणाल्या. "पयल्याच दिशी."