तुलुगाक नावाचं घुबड

३ मे
पोहोचलो एकदाचा! विमान खाडीच्या बर्फावर उतरलं. लोकांनी आधी पिठाची पोती उतरवून घेतली, मग मला. यावरून गावाची अक्कल कळली. असो. मी, लुकासी, आता इथल्या सहकारी दुकानाचा व्यवस्थापक आहे, आणि शाळेचं तोंड पाहिलेला इथे मी एकटाच. खोली उबदार आहे. दारात कुणीतरी गोठलेला मासा ठेवून गेलं होतं. तसाच कापून खाल्ला, वर दोन मग चहा. मजेत आहे.

५ मे
दुकानामागच्या खोलीत बायका सीलच्या कातड्याची घुबडं शिवतात. ऊकपिक म्हणे. अंगापेक्षा डोकं मोठं, डोळे बटबटीत, पाय बदकाचे. दक्षिणेतल्या शहरांतली माणसं या गोळ्यांसाठी वेडी झाली आहेत. आमच्या बापजाद्यांनी जीव धोक्यात घालून सील मारले ते यासाठी! बायकांची म्होरकी अलाशी. दातांनी कातडं मऊ करता करता बोलते, त्यामुळे तिचा प्रत्येक शब्द चावून टाकल्यासारखा बाहेर पडतो. तिची लेक सिआसी पोटुशी आहे, दिवस भरत आलेत. दोघी कारण नसताना हसतात.

९ मे
अलाशीच्या डोक्यावर खिळ्याला एक घुबड कायम टांगलेलं असतं. ते विकायचं नाही म्हणाली, कारण त्याला नाव आहे. तुलुगाक. आमच्या बोलीत तुलुगाक म्हणजे डोमकावळा. घुबडाचं नाव डोमकावळा! मी पोट धरून हसलो. ती हसली नाही. तुलुगाक तिचा नवरा. मार्चमध्ये बर्फ फुटला आणि तो गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांसकट खाडीत बुडाला. सिआसीच्या बाळाला त्याचं नाव द्यायचंय. तोवर नाव उघड्यावर कुठे राहणार, म्हणून घुबडात ठेवलंय. मेलेल्यांची नावं आम्हीही मुलांना देतो, मला आजोबांचं दिलंय. पण नावाला थंडी वाजते हे मला या विदुषीकडूनच कळलं.

१४ मे
विमान आलं. दक्षिणेला पाठवायच्या पेटीत एक घुबड कमी पडत होतं. अलाशी बर्फात भोक पाडून मासे धरायला गेली होती. खिळ्यावरचं काढलं आणि पेटीत कोंबलं. खोड मोडायलाच हवी होती. दाबताना ते हाताला ओलं लागलं. कातडं सुकवणंही धड जमत नाही यांना.

१५ मे
वाटलं, अलाशी थयथयाट करेल. तिनं फक्त विचारलं, त्याला कुठे पाठवलंस. मी म्हटलं, दुसरं शिव की, त्यात काय एवढं.
"घुबड शिवीन रे, दुकानदारा," ती म्हणाली. "पण आत बसायला तो आला पाहिजे ना! तो आता जवळचं घर बघेल."
सिआसीनं माझ्याकडे बघितलं आणि सरकून लांब बसली. अडाण्यांचा बाजार नुसता.

२० मे
सूर्य मावळायचं नाव घेत नाही. झोप होत नाही. उठलो तर बूट ओले, आतून. बाहेर गेलोच नव्हतो. छप्पर गळत असणार. या गावाचं छप्परसुद्धा आळशी.

२३ मे
म्हातारा इट्टुक तंबाखू घ्यायला आला आणि त्यानं मला तुलुगाक म्हणून हाक मारली. मी "काय रे" म्हटलं. दुकानात सगळे हसतील असं वाटलं होतं. कुणीच हसलं नाही. ठरवून थट्टा चालवली आहे माझी.

२६ मे
मला कुत्र्यांचा वाससुद्धा सहन होत नाही. आज रिकाम्या बर्फाकडे तोंड करून मी कुत्र्यांना हाका मारत होतो. एकेकाचं नाव घेऊन. अलाशी मागे उभी. म्हणाली, ती कुत्री त्याच्याबरोबरच बुडाली. तिनं नवं घुबड शिवून आणलं होतं. ते माझ्या छातीला टेकवलं.
"चल म्हाताऱ्या, ऊठ. परक्याच्या घरात किती दिवस पाय पसरशील?"
नवऱ्याला बोलावं तशी बोलत होती. डोळ्यांत पाणी. मी ते घुबड हिसकावलं आणि स्टोव्हमध्ये घातलं. कुणाचं घर म्हणतेस, म्हातारे?
कातडं जळल्याचा वास आला आणि मला रडू फुटलं. माझं नव्हतं ते रडू.

३० मे
उशी ओली. खारट. तोंडातही तेच पाणी. रेडिओवरून दक्षिणेला कळवलं, पेटी परत पाठवा. पलीकडच्यानं विचारलं, कोण बोलतंय. मी सांगितलं. तो म्हणाला, तुलुगाक नावाचा कुणी त्या दुकानात कामाला नाही —

२ जून
बोटं अडतात. अक्षरं आठवावी लागतात. त्याला लिहिता येत नव्हतं. म्हणून घाई —
सीलची चरबी आवडायला लागली. मूर्ख. मूर्ख गाव.

४ जून
सिआसीला मुलगा झाला. पलीकडच्याच घरात. रडत नाही. निळा पडलाय म्हणतात.
अलाशी धावत आली. दारातून हात जोडले. मी बाळाच्या कानात नाव घेणार आहे, म्हणाली, तू ओ देऊ नकोस पोरा, नुसता गप्प राहा, म्हणजे तो तुला सोडून बाळात जाईल —
सोपं आहे. गप्प तर राहायचं.
मोजा दातांत धरलाय —
हाक आली. तुलुगाक —
नाही —
पुन्हा. किती गोड मारते हाक —
बाळ अजून — लुकासी, तोंड मिट — मोजा पडला — अलाशी, थांब, मारू नकोस हाक, मी ओ