काळी तीन

मिरज, ३ डिसेंबर १९९४

हो म्हणून बसलो! संगीत मंडळाचे विष्णुपंत सांगलीहून आले होते. हंगेरीच्या मार्ता केरेकेश नावाच्या बाई तेरा तारखेला सांगलीत पियानो वाजवणार. पियानो पाचगणीच्या एका शाळेतून ट्रकनं आणलाय, वाटेत सूर पार उतरलेत. मुंबईचा जुळवणारा काविळीनं आडवा. "मोहिद्दीनभाई, तुमच्याशिवाय कोण?" झालं, फुगलो. तंबोरे-सतारी जुळवण्यात जन्म गेला, पण पियानोला आजवर हात लावलेला नाही.

बायको सलिमा म्हणाली, "आवं, न्हाई म्हणायला जीभ जड झाली व्हय?"

९ डिसेंबर

दोनशेवर तारा! बोटांची सालटी निघाली. पण जुळला. पेटीचा गंधार खोटा, ही गवयांची तक्रार जन्मभर ऐकत आलोय. पियानोत म्हणे तोच खोटेपणा मुद्दाम ठेवतात. मी ठेवला नाही. पहिल्या पांढऱ्या पट्टीला, पांढरी एकला, षड्ज धरून एकेक स्वर शुद्ध लावला. तंबोऱ्यासारखा बोलतोय.

११ डिसेंबर

मेलो!

बाई तालमीला आल्या. त्रेसष्ट वर्षांच्या, सडसडीत, बोटं मात्र सुताराची. पांढरी एकपासून सुरुवात केली — वा! मग काळी तीनच्या पट्टीत गेल्या आणि पियानो कुत्र्यासारखा विव्हळला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझे शुद्ध स्वर एकाच षड्जाला शुद्ध. त्यांच्याकडे षड्ज सारखा हलतो. सगळ्या पट्ट्या चालाव्यात म्हणून तर ते सगळ्याच जरा जरा खोट्या ठेवतात. आणि मी शहाणा निघालो सुधारायला!

मान खाली घालून उभा राहिलो. बाई उठल्या, माझा हात हातात घेतला. विष्णुपंतांची सून वल्लरी दुभाषी. ती म्हणाली, "बाई म्हणतायत, फार सुंदर जुळवलंय."

थट्टा करतायत? तेवढ्यात माझ्या हातातली चावी त्यांच्या पाठीमागं फरशीवर आदळली. सगळे दचकले. बाईंनी मानही वळवली नाही.

बाईंना ऐकू येत नाही. ओठ बघून बोलणं समजून घेतात. हे मला एकट्याला कळलंय.

१२ डिसेंबर

पुन्हा जुळवायला चार दिवस हवेत, कार्यक्रम उद्या. बाई वल्लरीबरोबर सतारी बघायला मिरजेत माझ्या दुकानात आल्या. दुसरं कुणी नव्हतं. सांगून टाकलं — पांढरी एक चांगली, तिच्या जवळपासचंही चालेल, पण काळी तीनला हात लावू नका. आणि काल तुम्हाला ते ऐकू आलं नाही.

वल्लरीला पुढं बोलवेना. पण बाईंना तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पाणी मागितलं. मग बराच वेळ बोलल्या. तेरा वर्षांच्या असताना बुडापेस्टात लढाई आली. थंडीत घरचा पियानो फोडून जाळला. मग त्यांनी पोळपाटाएवढ्या फळीवर कोळशानं पट्ट्या काढल्या आणि तळघरात त्यावर सबंध हिवाळा रियाज केला. विसाव्या वर्षी पहिलं बक्षीस. पुढं भाऊ देश सोडून पळाला म्हणून सरकारनं मैफली बंद केल्या. सहा वर्षं कारखान्यांच्या कँटीनमध्ये वाजवलं, समोर मजूर सूप पीत बसलेले. त्यानंतर सगळं जग फिरल्या. कान जाऊन दोन वर्षं झाली. सख्ख्या बहिणीलाही पत्ता नाही.

"टाळ्या सगळेच वाजवतात," म्हणाल्या. "खरं सांगणारं एक माणूस समोर असेल तर मी अजून वाजवू शकते. तुम्ही पुढं बसा. बिघडलं तर रुमाल तोंडाला लावा. मी थांबेन. पण कीव करू नका."

छातीवर हात ठेवून शब्द दिला.

१३ डिसेंबर

झाला एकदाचा! पहिल्या रांगेत, मांडीवर रुमाल, घामानं भिजलेला. बाईंनी यादी बदलली होती. सगळं पांढरी एकच्या आसपास. काय वाजवलं! माझे स्वर इतके गोड मी स्वतःही ऐकले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं.

आणि शेवटी, यादीत नसलेलं एक. काळी तीनचं! रंगात येऊन विसरल्या असणार. विव्हळणं सुरू झालं. बाई माझ्याकडेच बघत होत्या. रुमाल उचलायचा होता.

नाही उचलला. पाचशे माणसांसमोर त्या बाईला मी थांबवू? हसून मान डोलावत राहिलो. टाळ्या थांबेनात. विष्णुपंत म्हणाले, "शेवटचं जरा पचायला जड. तिकडं असंच असतं!"

सलिमाला सगळं सांगितलं. "लय चांगलं केलंसा," म्हणाली. मलाही तसंच वाटतंय.

१७ डिसेंबर

वल्लरी पुण्याहून परत आली. पुण्याचा कार्यक्रम झालाच नाही. मद्रास, टोकियो, सगळं रद्द. बाई मायदेशी गेल्या, आता कुठंच वाजवणार नाहीत. पुण्याच्या विमानतळावर तिला एवढंच म्हणाल्या, "काळी तीन मी मुद्दाम वाजवली होती. ते हसत होते."